पॅनेलवर बसण्याआधी

अगं, शाळाप्रवेशाच्या अपील पॅनेलवर तुझं नाव घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. इंग्लंडात या कामाला मानधन नाही. प्रवासखर्च मिळतो, खाडा झाला तर बुडालेल्या पगाराचा भत्ता मागता येतो, बस्स. शाळेत कधी नोकरी केली नाही म्हणून कचरू नकोस. पॅनेलच्या तिघांत निदान एक जण शिक्षणक्षेत्राबाहेरचा लागतोच, ती जागा तुझी. ट्रेनिंग झाल्याशिवाय कुणाला बसवत नाहीत. त्याच्या जोडीला माझ्या चार गोष्टी ऐकून ठेव.

आपल्याला नेमका कुठला प्रश्न सोडवायला बसवलंय, हे फाइल उघडताच ठरव. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे 30 मुलं, ही कायद्याची मर्यादा आहे. तिथे आईचं रडणं खरं असलं तरी आपले हात बांधलेले. नियम चुकीचे होते किंवा चुकीचे लावले म्हणून जागा गेली का, की समंजस माणसाने घेतलाच नसता असा निर्णय झाला, मुख्यतः एवढंच पाहायचं. इयर सेव्हनला दोन पायऱ्या. प्रवेश नियमाने झाले का आणि आणखी एक मूल घेतल्याने शाळेची खरंच अडचण होईल का, ही पहिली. ती अडचण मोठी की या मुलाची गरज मोठी, ही दुसरी.

‘शाळा भरली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. समज, ठरलेली संख्या 180 आहे आणि गेल्या वर्षी 184 घेतली होती. मग शांतपणे विचार, ‘त्या चौघांमुळे काय बिघडलं?’ प्रयोगशाळेत टेबलं किती, जेवणाच्या सुट्टीत रांग कुठवर जाते, जिन्यात गर्दी कधी होते, हे विचारलं की कागदावरची अडचण खरी किती ते कळतं. एकाच शाळेची बरीच अपिलं असली, तर सगळी ऐकून होईपर्यंत एकाचाही निकाल मनात पक्का करू नकोस.

एक बाजू बाहेर असताना दुसरीशी बोलायचं नाही, चहाच्या कपापाशीसुद्धा नाही. शाळेचा माणूस लवकर येऊन हवापाण्याच्या गप्पा मारतोय आणि दारातून येणारी आई ते पाहतेय, एवढ्यानेच तिचा विश्वास उडतो. आणि मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या कुणाचं नाव फाइलवर दिसलं, तर सुनावणीची वाट न बघता पॅनेलच्या क्लार्कला फोन कर.

पुढेमागे शाळेतून कायमचं काढलेल्या मुलांच्या फेरतपासणीलाही बोलावतील. ते काम अधिक नाजूक. तिथे एक हेडटीचर, एक गव्हर्नर आणि अध्यक्षपदी शाळेबाहेरचा माणूस असतो. मुलाला परत घ्या, असा हुकूम आपण देऊ शकत नाही. मुलाला परत न घेण्याचा त्या शाळेच्या गव्हर्नरांचा निर्णय कायम ठेवायचा, फेरविचार सुचवायचा, किंवा तो रद्द करून फेरविचार करायला लावायचा, एवढंच हातात. रद्द झाल्यावरही मुलाला परत घेतलं नाही, तर शाळेला 4,000 पौंडांचा भुर्दंड पडू शकतो. म्हणून गव्हर्नरांच्या बैठकीचं इतिवृत्त ओळीओळीने वाच. मुलाचं म्हणणं कुणी लिहून घेतलं का? त्याला विशेष मदतीची गरज होती का, हे कुणी विचारलं का? मारामारीवरून काढलं असेल, तर तिची नोंद त्याच दिवशीची आहे, की आठवड्याने लिहिलेली? शाळा आयत्या वेळी नवं कारण पुढे करू लागली, तर अध्यक्षांना तिथल्या तिथे सांग. ते चालत नाही.

पालकांना घाई करू नकोस. इंग्रजी अडखळत असेल, तर दुभाषा आणायची मुभा असते. मुलाचं नाव कसं उच्चारायचं, ते आधी विचारून घे.

निकालाचं पत्र क्लार्क लिहितो, पण कारणं आपली असतात. प्रवेशाच्या अपिलात ते शक्यतो शाळेच्या 5 कामकाजी दिवसांत जायला हवं. तेव्हा खोलीतून उठण्याआधीच कारणं मांडून घ्या. ‘सर्व बाबींचा विचार करून’ असं मोघम वाक्य आलं, तर खोडायला लाव. तिचा कुठला मुद्दा आपल्याला पटला, कुठला नाही आणि का, हे हरलेल्या आईला पत्रातूनच कळलं पाहिजे.