दिव्याने दिवा लावावा
(अभ्यासलेख : ख्रिस्तपुराण, ख्रिस्तायन आणि आपण)



आपल्या धर्मग्रामात गाणारे, चित्रे काढणारे, नाटुकली बसविणारे, नाताळचा गोठा उभारणारे अनेकजण आहेत. तरीही सणासाठी काही नवीन लिहायची वा रचायची वेळ आली की, "आम्हांला कुठे सुचतंय?" असे उत्तर ऐकू येते. सुचणे ही काही थोड्या भाग्यवंतांनाच मिळणारी देणगी आहे, अशी आपली समजूत झाली आहे. पण इतिहास वेगळेच सांगतो. पुष्कळदा माणसाला सुचते ते दुसऱ्या कोणाचे काम पाहून, वाचून किंवा ऐकून. आणि तेही ध्यानीमनी नसताना. आज आपण आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेतील दोन उदाहरणे अभ्यासू या.

१. पवित्र शास्त्र काय शिकवते?

पवित्र मरियेचे स्तोत्र (लूक १:४६-५५) आपण सर्वांनी ऐकले आहे. ते वाचून झाल्यावर जुन्या करारातील हन्नेचे गीत (१ शमुवेल २:१-१०) उघडून पाहा. देव दीनांना उंचावतो, भुकेल्यांना तृप्त करतो, बलवानांचा गर्व उतरवितो, हे सारे विचार हन्नेच्या गीतात आधीच आहेत. मरियेने ते जुने गीत आपले केले व त्यातून स्वतःच्या अनुभवाचे नवे गीत उमटले. याला कोणी नक्कल म्हणत नाही.

संत लूकही आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, आपल्याआधी पुष्कळांनी हे काम हाती घेतले आहे (लूक १:१-४). इतरांनी लिहिले म्हणून तो थांबला नाही. उलट त्यामुळेच त्याला लिहावेसे वाटले. निर्गम ३१:१-५ मध्ये तर बसालेल नावाच्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरले, असे म्हटले आहे. सोन्याचे, चांदीचे, लाकडाचे कामसुद्धा आत्म्याचे दान असू शकते, हे आपण ध्यानात ठेवावे.

२. एक प्रश्न आणि अकरा हजार ओव्या

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. ही साष्टी म्हणजे आपले ठाणे ज्या बेटावर आहे ती नव्हे, तर गोव्यातील मडगाव-राचोल परिसर.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती. पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकत आलेल्या घरांतून ते सूर एकाएकी थांबले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना शिकवणीचे पाठ मिळत; पण गावे, ऐकावे, डोळे मिटून डोलावे असे काही त्यांच्यापाशी उरले नाही. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच फादर स्टीफन्स एक प्रसंग सांगतात. शिकवणीच्या वेळी एका ब्राह्मणाने त्यांना विचारले की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, तर मग त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांला का देत नाही? प्रश्न रोखठोक होता आणि त्यात दुःखही होते. फादरांनी तो मनावर घेतला.

उत्तर म्हणून जे निर्माण झाले ते ख्रिस्तपुराण. पहिले पुराण जुन्या करारावर, दुसरे नव्या करारावर. पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय, ज्यांना ते 'अवस्वरू' म्हणतात. मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली राचोल येथे ते छापून निघाले. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या.

आता हा साचा फादरांना मिळाला कोठून? ओवी त्यांनी निर्माण केली नाही. ज्ञानदेवांनी १२९० साली तिच्यात ज्ञानेश्वरी सांगितली होती. फादर गोव्यात आल्यावर पाचच वर्षांनी, १५८४ साली, संत एकनाथांनी त्याच ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या काळातील रामायण-महाभारताच्या मराठी कथांची रोमन लिपीतील हस्तलिखिते आजही पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. म्हणजे लोकांकडून जे साहित्य काढून घेतले जात होते, तेच काहीजण काळजीपूर्वक उतरवून घेऊन वाचत होते. ही विसंगती आपण लपवू नये. फादर स्टीफन्सांची थोरवी ही की, त्या साहित्याचे सौंदर्य त्यांनी ओळखले. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती केली आहे, ती वाचताना ज्ञानदेवांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्यांचा दिवाही पुढे दुसऱ्याने घेतला. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीय फादरांनी काही वर्षांतच संत पेत्रावर ओवीबद्ध पुराण रचले. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती नष्ट झाल्या, तरी मंगळूरकडील घराण्यांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती जपल्या होत्या. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. नकलून घेणाऱ्या त्या अनाम हातांनीही कलेची सेवाच केली.

३. अपुरे राहिलेले काव्य

दुसरे उदाहरण आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. आरंभी त्यांची ख्रिस्तभक्ती पाश्चात्त्य चालींच्या गीतांतून व्यक्त होई. पण त्यांच्या अंतःकरणात तुकाराममहाराज घर करून होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. शेवटी ख्रिस्तासाठी त्यांनी अभंगच लिहिले आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत ते आजही गायिले जातात.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. दहाएक अध्याय झाले आणि १९१९ साली त्यांना देवाज्ञा झाली. आता ते कोण पुरे करणार? मोठमोठे कवी होते. पण पुढे आल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकविलेले. पतीच्या कवितांच्या सहवासात त्यांनाही कविता येऊ लागली होती. त्यांनी आणखी ६४ अध्याय लिहून ते काव्य पूर्णत्वास नेले. १९३६ साली त्या वारल्या आणि १९३८ साली ख्रिस्तायन प्रसिद्ध झाले.

संत एकनाथांचे भावार्थ रामायणही असेच अपुरे राहिले होते आणि त्यांचा शिष्य गावबा याने ते पुरे केले, अशी परंपरा आहे. दुसऱ्याचे अर्धे राहिलेले काम प्रेमाने हाती घेणे, हीसुद्धा प्रेरणेचीच एक वाट आहे.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ची कथाही अशीच. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाला आठवणी हव्या होत्या, म्हणून त्या लिहू लागल्या. त्यातून मराठीतील एक अजोड आत्मचरित्र जन्मले. लेखिका व्हावे म्हणून त्या बसल्या नव्हत्या. कोणीतरी मागितले आणि त्यांनी दिले.

४. नक्कल आणि प्रेरणा

येथे एक शंका येईल. दुसऱ्याचे घेणे म्हणजे चोरी नव्हे काय? फरक असा आहे. नक्कल करणारा दुसऱ्याचे शब्द उचलतो आणि नाव लपवितो. प्रेरणा घेणारा साचा, चाल, धिटाई घेतो आणि त्यात स्वतः अनुभवलेले सत्य ओततो. फादर स्टीफन्सांनी ओवी घेतली, पण कथा येशूची सांगितली. टिळकांनी अभंग घेतला, पण आळविले आपल्या प्रभूला. ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. टिळकांनी तुकारामांचे नाव कधी लपविले नाही.

नाताळचा गोठाच पाहा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी जिवंत देखावा उभारला. आज आपण प्रत्येक घरी गोठा मांडतो, पण कोणाच्या गोठ्यात खाडी असते, कोणाच्या गोठ्यात चाळ, तर कोणाच्या गोठ्यात लोकलचे स्टेशन! कल्पना फ्रान्सिसची, हात आपले.

५. आपल्यासाठी

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे आपण निरनिराळ्या गावांहून आलो. कोणाच्या आजीला लग्नातली गाणी पाठ आहेत, कोणाला भजनाच्या चाली, कोणाला जात्यावरच्या ओव्या. आपली मुले मात्र इंग्रजी शाळांत जातात आणि त्यांना या चाली ऐकायलाच मिळत नाहीत. साष्टीत पुराणे सक्तीने थांबविली गेली. आपल्या घरांत ती ठेव कोणी न मागितल्यामुळे हरवू शकते. म्हणून पुढील साधे उपाय करून पाहावेत :

• घरातील वडीलधाऱ्यांकडून एक जुने गाणे ऐकून ते वहीत उतरवून घ्यावे.
• त्याच चालीवर रविवारच्या शुभवर्तमानातील एखाद्या प्रसंगावर चार ओळी रचून पाहाव्यात.
• चाल वा कल्पना दुसऱ्याची असल्यास त्याचे नाव खाली अवश्य लिहावे.
• आपल्या कोयरसाठी कोणी अर्धवट सोडलेले गीत असल्यास, त्याची परवानगी घेऊन ते पुरे करावे.

चार ओळी साध्या असल्या तरी चालतील. लक्ष्मीबाईंनीही एका अध्यायापासूनच सुरुवात केली.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. हन्नेचे गीत व मरियेचे स्तोत्र शेजारी ठेवून वाचा. कोणते विचार समान आहेत? मरियेचे स्वतःचे काय आहे?
२. त्या ब्राह्मणाचा प्रश्न आज आपली मुले आपल्याला विचारतील काय? आपण त्यांना काय देऊ?
३. कोणाचे काम पाहून आपल्याला काही करावेसे वाटले? त्या व्यक्तीला आपण ते कधी सांगितले आहे काय?