जिताड्यासाठी दणकट रॉड असा निवडा

खाडीच्या काठावरून जिताडा गरवायचाय, आणि दर मोसमाला नवा रॉड घ्यायचा नाहीये? चला, मी दुकानात तुमच्या शेजारी उभा आहे असं समजा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: जाड रॉड म्हणजे दणकट रॉड नव्हे. ज्याचे आकडे तुमच्या दोरीशी आणि लूरशी जुळतात आणि ज्यात दुकानातून निघताना खोट नसते, तो दणकट. तो बोटाएवढा बारीक असला तरी टिकतो.

सोबत घ्या: तुमचं रीळ, त्यावर भरलेली दोरी, थोडा कापूस आणि मोबाइल. घरी लागतील स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा.

निघण्याआधी, घरी

१. जागा ठरवा. खाडीकाठ किंवा धक्का असेल तर ८ ते ९ फुटी रॉड. खारफुटीला लागून होडीतून टाकणार असाल तर साडेसहा ते साडेसात फुटी. दोन्हीकडे चालणारा एकच रॉड शोधत बसू नका. तो दोन्हीकडे नडतो. पुढे आपण काठावरचाच रॉड धरून चालू.

२. तुमचा सगळ्यात जड लूर काट्यावर ठेवा. बोटभर लांबीचा मिनो वीसेक ग्रॅम भरतो, मोठा पॉपर चाळीसच्या आसपास जातो. जो आकडा येईल तो कागदावर लिहा. सांभाळा: हुक आणि कड्या लावूनच वजन करा. रबरी मासा वापरत असाल तर त्याच्या शिशाच्या डोक्यासकट.

३. दोरी पक्की करा. जिताड्याला ३० एलबीची (म्हणजे पौंडांची) ब्रेडेड दोरी पुरते, पुढे ५० एलबीच्या जाड तंगुसाचा दीड-दोन हात लीडर. जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणं ब्लेडसारखी असतात, लीडर नसेल तर ब्रेड एका झटक्यात कापली जाते. सांभाळा: मासा मोठा म्हणून ८० एलबीची दोरी भरू नका. लूर खडकात अडकला की ती दोरी तुटत नाही, रॉड तुटतो.

४. रॉड नेणार कशातून, ते मोजा. साडेआठ फुटी रॉडचे दोन सारखे भाग केले की एकेक सव्वाचार फुटाचा होतो. एवढी लांबी गाडीत किंवा एसटीच्या रॅकवर मावते का, टेप लावून बघा. सांभाळा: मावत नाही म्हणून टेलिस्कोपिक घेऊ नका. माझा पहिला रॉड तसलाच होता, दप्तरात मावायचा. तिसऱ्याच खेपेला एका मध्यम तांबोशीने त्याचा मधला जोड फाडला आणि माझ्या हातात फक्त मूठ राहिली.

दुकानात

५. "स्पिनिंग रॉड दाखवा" म्हणा. त्यात रीळ खाली लटकतं आणि मुठीजवळचं पहिलं गाइड, म्हणजे दोरी ओवायची कडी, चांगलं मोठं असतं. बेटकास्टिंग रॉडवर रीळ वर बसतं, आणि बोट अडकवायला खाली खटका असतो. तोही चांगला, पण त्याचं रीळ वेगळं लागतं आणि दोरीचा गुंता न करता फेकायला हात बसावा लागतो. सांभाळा: खटकेवाल्या रॉडवर तुमचं स्पिनिंग रीळ बसलेलं दिसलं तरी फसू नका. त्याची गाइडं छोटी असतात, दोरी पहिल्याच कडीला आपटत राहते.

६. मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा. घाई नको, खरी निवड इथेच होते. साधारण असं काहीसं असतं: लांबी ८ फूट ६ इंच, एमएच, पीई २–४, लूर २०–६० ग्रॅम. पीई म्हणजे ब्रेडेड दोरीच्या जाडीचा नंबर. काही रॉडवर त्याऐवजी सरळ २०–४० एलबी असं लिहितात. तुमची ३० एलबीची दोरी त्या मर्यादेच्या मध्यावर यायला हवी. आता खिशातला कागद काढा. तुमचा जड लूर वरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आत हवा. ६० ग्रॅमच्या रॉडला ४० पर्यंत. सांभाळा: आकडे नाहीत आणि नुसतं "हेवी ड्यूटी" छापलंय, तर रॉड नम्रपणे परत ठेवा.

७. 'एमएच' बघा. म्हणजे मीडियम हेवी. 'एच' मागायचा मोह होईल, पण दिवसभर फेकून खांदा बोलायला लागतो. त्याच ओळीत 'फास्ट' किंवा 'मॉडरेट फास्ट' असेल तर उत्तम. सांभाळा: 'एक्स्ट्रा फास्ट' इथे नको. ब्रेडेड दोरी ताणली जात नाही, त्यामुळे जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा सगळा हिसका रॉडनेच पचवायचा असतो. फक्त टोकाला वाकणारा ताठ रॉड तो पचवत नाही, हुक निसटतो.

८. कशाचा बनलाय ते विचारा. शुद्ध कार्बन हलका आणि हाताला बोलका, पण दगडाचा टोला सोसत नाही. शुद्ध फायबरग्लास मार खातो, पण जड. खडकात वावरणाऱ्या नवशिक्याला मी कार्बन-ग्लास मिश्रच देईन. सांभाळा: कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा धरू नका, आणि आभाळ गडगडलं की तो खाली ठेवून काठावरून निघा.

९. एकेक भाग बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरून पाहा. सगळी गाइडं एका ओळीत दिसली पाहिजेत. हलकासा बाक चालतो. सांभाळा: एकाच जागी मोडल्यासारखं वळण दिसलं तर दुसरा मागा.

१०. टोकापासून मुठीपर्यंत नख हलकेच फिरवत या. नख कुठे अडलं तर तिथे मोबाइलचा टॉर्च मारा. वार्निशचा थेंब असेल तर सोडून द्या, टवका असेल तर रॉड सोडून द्या. कार्बन त्याच टवक्यावर तुटतो, आणि तोही मोठ्या माशाला नव्हे, सहा महिन्यांनी एखाद्या हातभर माशाला.

११. आता कापूस काढा. दुकानदार हसेल, हसू द्या. चिमूटभर कापसाची सैल वात वळा, प्रत्येक गाइडच्या कडीतून आरपार ओढा आणि आतून गोल फिरवा. कडी गुळगुळीत असेल तर कापूस जसा गेला तसा बाहेर येतो. एखाद्या कडीत पांढरा तंतू मागे राहिला, अगदी केसाएवढा, तर तिथे चीर आहे. ती डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही, पण ब्रेडेड दोरी तिथून शंभरदा धावली की सुरीवर घासल्यासारखी विरते. मग "दोरी हलकी निघाली" म्हणून आपण दोरीवाल्याला शिव्या देतो. सांभाळा: टोकाची कडी विसरू नका. सगळ्यात जास्त मार तीच खाते.

१२. गाइडचे पाय बघा. मुठीकडची मोठी गाइडं दोन पायांची हवीत, टोकाकडची एका पायाची चालतात. प्रत्येकाला अंगठ्याने हलकेच दाबा. सांभाळा: गाइड हललं किंवा पायाशी वार्निशला भेगा दिसल्या, तर खारं पाणी आत शिरून गंज धरणार हे नक्की.

१३. दोन भाग जोडा. सरळ सरकवा आणि शेवटी किंचित पिळा. मग रॉड हवेत झुलवून कान द्या. "टक् टक्" आवाज आला तर जोड सैल आहे. सांभाळा: काही रॉडमध्ये जोडाच्या मधे बोटाच्या पेराहून कमी फट मुद्दामच ठेवलेली असते. तिला खोट समजून भाग जोराने ठोकू नका.

१४. तुमचं रीळ बसवा. नट हाताने आवळा आणि रीळ डावी-उजवीकडे हलवा. तिळभरही हलता कामा नये. सांभाळा: नटाचे आटे वाकडे बसत असतील तर तेल लावून ते सरळ होत नाहीत.

१५. रॉड दोन मिनिटं एका हाताने आडवा धरून उभे राहा. टोक खाली ओढतंय आणि मनगट भरून येतंय? मग तो दिवसभर झेपणार नाही. मागची मूठ कोपराच्या थोडी पुढे जायला हवी, म्हणजे मोठा मासा ओढताना ती काखेत दाबता येते.

१६. दोरी सगळ्या गाइडांतून ओवून रॉड वाकवा. दुकानातल्या पोराला दोरीचं टोक धरून चार पावलं लांब उभं करा. रॉड जमिनीशी ४५ अंशात धरा आणि सावकाश ताण द्या. आधी टोक वाकेल, मग मधला भाग, आणि जोर वाढला की वाक मुठीपर्यंत उतरेल. हा वाक एकसंध, धनुष्यासारखा दिसला पाहिजे. जोडापाशी तो सपाट झाला तर तिथे रॉड ताठ आहे, आणि कधीतरी तिथेच जाईल. सांभाळा: टोक छताला टेकवून किंवा मुठीत धरून वाकवायला कुणालाही देऊ नका. "बघा साहेब, किती लवचीक!" म्हणत हा खेळ केला जातो, आणि सगळा ताण शेवटच्या वीतभर भागावर येतो. तसा वाकवलेला नमुना असेल तर बंद पिशवीतला नवा मागा. त्यावर पायरी ९ पासून पुन्हा.

१७. बिल घ्या. वॉरंटी कशाला लागू आणि कशाला नाही, ते बिलावर लिहून मागा. तोंडी वॉरंटी तोंडातच राहते.

रॉड घरी आल्यावर

१८. ड्रॅग लावा, म्हणजे किती ताणाला रिळातून दोरी सुटावी ते ठरवा. ३० एलबी म्हणजे साडेतेरा किलोहून किंचित जास्त. त्याचा चौथा हिस्सा, साधारण ३.४ किलो, आपल्याला हवाय. दोरीला हुकाचा काटा बांधा, रॉड ४५ अंशात धरा आणि दुसऱ्या कुणाला काटा ओढायला सांगा. काट्यावर ३.४ दिसताना रिळातून दोरी सुटली पाहिजे. सांभाळा: बोटांच्या अंदाजाने आवळू नका. अंदाज नेहमी घट्टच होतो.

१९. पहिल्या दिवशी अर्ध्या जोरानेच फेका. दर अर्ध्या तासाला जोड पिळून घट्ट करा. सांभाळा: फेकताफेकता जोड सैल होतो, आणि रॉड तुटण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे.

२०. मासा लागला की रॉड ४५ ते ६० अंशांत ठेवा. मासा पायाशी आला की जाळीने उचला. सांभाळा: टोक खांद्यामागे न्यायचं नाही, आणि रॉडने मासा उचलायचा नाही. चांगले चांगले रॉड शेवटच्या तीन फुटांत जातात.

२१. लूर अडकला तर रॉड सरळ दोरीच्या दिशेने धरा. दोरी एखाद्या काठीला गुंडाळा आणि मागे चाला. सांभाळा: हाताला गुंडाळू नका, ब्रेड मांसात उतरते.

२२. त्याच संध्याकाळी दोन्ही भाग वेगळे करून गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा आणि सावलीत वाळवा. रॉड खारा आणि जोडलेलाच रात्रभर कोपऱ्यात राहिला, तर सकाळी तो सोडवायला दोन माणसं लागतात.