येळवस, मातीचं काम आणि आभाराचं पत्र : इयत्ता चौथीसाठी एक पाठ



आपल्या शाळेतला कोणताही कार्यक्रम आठवा. शेवटी कुणीतरी उठतं, हातातला कागद उलगडतं आणि "आभार मानणे हे माझे कर्तव्य समजतो" असं म्हणत यादी वाचतं. तोवर निम्मी माणसं चपला शोधत असतात. आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रम संपल्याची घंटा, असंच मुलांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वीच्या येळवसेला माझी एक चूक झाली आणि त्यातून हा पाठ तयार झाला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

येळवस म्हणजे काय?

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी थोडक्यात सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे वेळ अमावस्या असते, बोलीभाषेत येळवस. साधारण डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला ती येते. रब्बीची ज्वारी तेव्हा उभी असते, हरभरा घाट्यावर येत असतो. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात. मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आंबील असं जेवण. शेजारच्या कर्नाटकात बीदर, कलबुर्गीकडेही हा सण असतो.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की ज्याला रान नाही त्याला रान असलेला माणूस आवर्जून बोलावतो. शिक्षक, कंडक्टर, दुकानदार, भाड्याने राहणारे, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवतात. मातीने दिलं, ते एकट्याने खायचं नाही, एवढा साधा हा विचार आहे.

आमच्या गावातलं काम

आमच्या गावात एक संस्था माती आणि पाणी अडवण्याचं काम करते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच वर्षी पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि श्रमदान हा शब्द घराघरात गेला. आमच्याकडची संस्था लहान आहे. चार-पाच कर्मचारी, काही स्वयंसेवक आणि गावातली माणसं.

कामाची रीत 'माथा ते पायथा'. आधी डोंगराच्या माथ्यावर समतल चर, मग ओघळीत दगडी बांध, शेताला बांधबंदिस्ती आणि शेवटी खाली नाल्यावर बंधारा. वरचं काम न करता खाली बंधारा बांधला तर तो दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. चर एकाच पातळीत खणावा लागतो, नाहीतर पाणी एका टोकाला जमून चर फोडून निघून जातं. खणलेली माती उताराच्या बाजूला टाकायची. हे सगळं मी पुस्तकातून नाही, तिथे काम करणाऱ्या बायांकडून शिकले.

ही संस्था दर येळवसेला एका शेतकऱ्याच्या रानात सगळ्यांना जेवायला बोलावते. जेवणाआधी वर्षभराच्या कामाबद्दल एकमेकांचे आभार मानतात.

माझी चूक

त्या वर्षी "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, आभाराचं तुम्हीच बघा" असं मला सांगण्यात आलं. मी छान दोन पानं लिहिली. देणगीदार, अधिकारी, सरपंच, कर्मचारी, जेसीबी देणारे, ट्रॅक्टर देणारे, मंडपवाले. शेवटी "आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार". टाळ्या झाल्या. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझ्या आईचं नाव का नव्हतं?"

तिची आई माथ्यावरचे चर खणणाऱ्या गटात होती. आदल्या रात्री जागून उंडे आणि भज्जी करणाऱ्या बायांतही होती. आम्ही सगळे ज्या चवीचं कौतुक करत होतो, ती तिच्या हातची होती. आणि माझ्या यादीत ती 'ज्ञात-अज्ञात'मध्ये गेली होती.

मी म्हणाले, "अगं, सगळ्यांची नावं कशी घेणार? वेळ नसतो."

ती म्हणाली, "मंडपवाल्याचं घेतलं की."

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, आधी थोडा रागच आला. मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं. आपण मुलांना 'श्रमाचे मोल' शिकवतो आणि कागदावर नावं लिहायची वेळ आली की पैसे, पद आणि यंत्र एवढंच दिसतं.

पाठ कसा घेतला?

तीन तासिका लागल्या.

पहिली तासिका : पाहणे. मुलांना घेऊन माथ्यावर गेलो. टेपने चर मोजला. रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटर. सातवीच्या मुलांनी हिशेब केला, की एक मीटर लांबीचा असा चर एकदा भरला की १८० लिटर पाणी थांबतं. चौथीच्यांसाठी मी ते बादल्यांत सांगितलं. १५ लिटरच्या १२ बादल्या. मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, त्या रेल्वेएवढं पाणी अडवायला किती चर लागंल?" भागाकार केला. जवळपास पावणेतीन किलोमीटर. मुलं गप्प झाली. एवढं अंतर हाताने खणायचं म्हणजे काय, हे त्यांनी तिथेच कुदळ उचलून पाहिलं. दहा मिनिटांत हाताला फोड आलेलेही होते!

दुसरी तासिका : विचारणे. प्रत्येकाने घरी किंवा गल्लीत अशा एका माणसाला भेटायचं, ज्याने हे काम केलं पण ज्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही नेमकं काय केलं? त्यात अवघड काय होतं? त्यामुळे काय बदललं?

तिसरी तासिका : लिहिणे. फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली.

१. आपण केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

२. मामा, तुम्ही उन्हाळाभर दगड वाहून ओघळीत बांध घातला. आता आमच्या रानातली माती वाहून जात नाही.

"यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कुणालाही पाठवता येईल?" असं विचारलं. मुलांनी लगेच पहिलं सांगितलं. जे वाक्य कुणालाही चालतं, ते कुणाचंच नसतं, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. मग पत्राच्या तीन गोष्टी ठरल्या : कोणी केलं, काय केलं, त्यामुळे काय झालं. मोठे शब्द नसले तरी चालतील. या तीन गोष्टी मात्र हव्यातच.

शुद्धलेखन मी नंतर तपासलं, आधी नाही. बोलीभाषेतले शब्दही तसेच राहू दिले. 'रान'च्या जागी 'शेत' करायला लावलं असतं तर पत्र सुधारलं असतं, पण ते त्या मुलाचं राहिलं नसतं.

शिक्षकांसाठी दोन-तीन सूचना

हा पाठ परिसर अभ्यास, गणित आणि मराठी तिन्ही विषयांना जोडता येतो. जागतिक मृदा दिन ५ डिसेंबरला असतो. त्या दिवशी सुरुवात करून येळवसेपर्यंत पत्रं पूर्ण होतात. तुमच्याकडे येळवस नसेल तर पोळा घ्या, खंडेनवमी घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, कारण वर्षभर ओझं त्याच खांद्याने वाहिलेलं असतं. आभार मानताना नेमकी जिथे झीज झाली तिथेच हात ठेवायचा, हे आपल्या शेतकऱ्याला कधीच कळलेलं आहे.

आणि सुरुवात स्टाफरूमपासून करा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, पाणी भरणारे मामा, आपली रजा असताना आपला वर्ग सांभाळणारे सहकारी, यांना आपण शेवटचं नेमकं काय म्हणालो होतो, ते आठवून पाहा.

पालकांसाठी

मुलाला "थँक्यू म्हण" असं सांगण्याऐवजी "कशाबद्दल?" असं विचारा. उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागेल. तिथेच शिकणं सुरू होतं. आणि मूल कधी तुमची चूक दाखवून देत असेल, तर माझ्यासारखं लगेच "वेळ नसतो" म्हणू नका.

पुढे काय झालं?

त्या मुलीने आपल्या आईलाच पत्र लिहिलं. "आई, तू आणि अकरा बायांनी माथ्यावरचा मोठा चर खणला. तुझ्या हाताला घट्टे पडले. आता खालच्या आडाला होळीपर्यंत पाणी राहतं. तू रात्रभर जागून येळवसेचं जेवण केलंस आणि सगळ्यात शेवटी जेवलीस. मी बघितलं होतं." खाली बाकीच्या बायांची नावं लिहिली होती.

आईला वाचता येत नाही. म्हणून पालक सभेच्या दिवशी लेकीने ते माझ्यासमोरच वाचून दाखवलं. मला वाटलं, आई रडेल किंवा लेकीला जवळ घेईल. तिने नावं बोटांवर मोजली आणि म्हणाली, "एक राहिलं की गं. आपल्या शेजारची काकू. ती दोन महिने होती, मग पडली म्हणून आली नाही. तिचं लिही आधी."

लेकीने पेन मागितलं. मी दिलं.

गेल्या येळवसेला संस्थेच्या आभाराचा कागद मी लिहिला नाही. कोपीपुढे सगळे गोल बसले आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडच्या माणसाने वर्षभरात काय केलं ते एका वाक्यात सांगितलं. जेवायला उशीर झाला, आंबील थोडी जास्तच आंबली. पण चपला शोधायला कुणी उठलं नाही.

स्वाध्याय (मुलांसाठी)

१. तुमच्या गावात किंवा गल्लीत माती-पाण्याचं काम करणाऱ्या एका व्यक्तीला भेटा व वरचे तीन प्रश्न विचारा.

२. मिळालेल्या माहितीवरून पाच ते सात ओळींचं आभारपत्र लिहा.

३. पत्र त्या व्यक्तीला स्वतः वाचून दाखवा. कुणाचं नाव राहिलं का, ते विचारा.

तुमच्या वर्गात हा पाठ नक्की करून पाहा.