प्रकाशाची काटकसर : लोलक की जालक?

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल 1798–1832) युरोपीय शास्त्रांचे ग्रंथ व उपकरणे जमवीत होते, त्याच काळात बव्हेरियात फ्राउनहोफर नावाचा भिंगकार सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करीत होता. 1814 मध्ये त्याने लोलकाच्या साहाय्याने सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषा पाहिल्या. पुढे 1821 च्या सुमारास बारीक तारा समांतर ताणून विवर्तन जालक तयार केले. या दोन साधनांपैकी प्रकाशाचा उपयोग अधिक चांगला कोण करते? प्रश्न क्षुल्लक नाही. ताऱ्याचा प्रकाश मुळातच तुटपुंजा; त्यातला जितका वाया जाईल, तितकी निरीक्षकाची रात्र लांबते.

प्रथमदर्शनी लोलक सरस वाटतो. त्यातून बाहेर पडणारा सारा प्रकाश एकाच वर्णपटात येतो. अर्थात काचेच्या प्रत्येक पृष्ठावर, किरण सरळ पडला तरी, सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि जंबुपार किरण तर साधी काच शोषूनच घेते.

जालकाची गोष्ट निराळी. ते प्रकाश अनेक क्रमांत वाटून टाकते. फटी व त्यांमधील अपारदर्शक पट्ट्या सारख्याच रुंदीच्या असल्या, तर निम्मा प्रकाश अडतो, चौथा हिस्सा रंग न फाकता सरळ निघून जातो, आणि पहिल्या क्रमाच्या दोन वर्णपटांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 10 टक्के येतो. 1910 मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांनी खाचांच्या बाजूंना ठरावीक कल देऊन बहुतेक प्रकाश एकाच क्रमाकडे वळविण्याची युक्ती दाखविली. मात्र हा लाभ एका विशिष्ट तरंगलांबीच्या आसपासच पूर्णपणे मिळतो; तिच्यापासून दूर जावे तसतसा तो ओसरतो.

मग लोलकच श्रेष्ठ म्हणावा काय? येथे वाचकाने थोडे थांबावे. साधनातून किती टक्के प्रकाश पार होतो, एवढेच पाहून भागत नाही; फटीतून मुळात किती प्रकाश आत घेता येतो, हेही पाहिले पाहिजे. जालक रंगांना लोलकापेक्षा सामान्यतः अधिक कोनात फाकविते. त्यामुळे रेषांची स्पष्टता तीच राखूनही फट अधिक रुंद ठेवता येते. 1954 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर झाकिनो यांनी सारख्या आकाराच्या व सारख्या विभेदनक्षमतेच्या साधनांची तुलना केली, तेव्हा जालकाचे पारडे जड ठरले.

तात्पर्य, सूक्ष्म रेषा अलग करावयाच्या असतील तेथे जालक घ्यावे. अंधूक प्रकाशाचा विस्तृत वर्णपट ढोबळपणे एकदमच हवा असेल, तेथे लोलक आजही उपयोगी पडतो.