पडद्यापेक्षा मोठी खिडकी

मळवली स्थानकावर उतरून कार्ल्याचे चैत्यगृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आत दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा कोरीव खांब आहेत आणि त्यांचे पाये घटाच्या आकाराचे आहेत. समजा, तुम्ही एका खांबाचे उभे छायाचित्र घेतले आणि ते संगणकावर दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा, म्हणून चित्राची उंचीही ७६८ बिंदू ठेवली. खिडकी मॅक्झिमाइझ करून पाहता, तर खांबाखालचा घटच गायब! असे का व्हावे?

कारण मॅक्झिमाइझ केलेल्या खिडकीला सगळा पडदा मिळत नाही. विंडोज १० चे उदाहरण घेऊ. मापन १०० टक्के असताना तळाची टास्कबार ४० बिंदू घेते. उरले ७२८. खिडकीची शीर्षकपट्टी आणखी २३ बिंदू घेते. म्हणजे चित्रासाठी जागा उरली १३६६ × ७०५. तळाचे ६३ बिंदू कापले गेले आणि त्यांबरोबर घटही गेला.

आता एक गंमत पाहा. याच खिडकीचे बाहेरचे माप विचारले, तर उत्तर येते १३८२ × ७४४. पडद्यापेक्षा रुंद खिडकी! याचे कारण असे, की खिडकीला चारही बाजूंनी ८ बिंदूंची कड असते आणि मॅक्झिमाइझ करताना ती उपलब्ध जागेच्या बाहेर ढकलली जाते. म्हणून १३६६ + १६ = १३८२ आणि ७२८ + १६ = ७४४.

मग ७०५ हा आकडा पाठ करावा का? मुळीच नाही. उबुंटूमध्ये एक पट्टी वर, तर दुसरी डावीकडे असते. तेथे रुंदीही घटते. माटे डेस्कटॉपवर वर आणि खाली अशा दोन पट्ट्या असतात. केडीईची पट्टी खाली असते. शिवाय वापरणाऱ्याने त्या हलवल्या किंवा जाड केल्या, की सारे गणित बदलते.

लिनक्सच्या जुन्या एक्स११ पद्धतीत प्रत्येक पट्टी आपली राखीव जागा जाहीर करते. ती वजा करून उरलेले कार्यक्षेत्र प्रोग्रॅमला विचारता येते. मात्र दोन पडदे जोडलेले असतील, तर हा एकच आयत फसवू शकतो. नव्या वेलँड पद्धतीत पडद्याची व्यवस्था पाहणारा प्रोग्रॅमच खिडकीला तिचा आकार कळवतो.

म्हणून सर्वत्र चालणारी रीत अशी: आधी खिडकी मॅक्झिमाइझ करा, मग तिच्या आतल्या भागाचे माप विचारा, आणि माप बदलल्याची सूचना आली की चित्र पुन्हा बसवा.

करून पाहा

१. छायाचित्राची रुंदी व उंची ३ : ४ या प्रमाणात आहे. ७०५ बिंदू उंचीत ते पूर्ण बसवल्यास रुंदी किती होईल?
२. विंडोज १० मधील टास्कबार डावीकडे नेली, तर चित्राला किती उंची मिळेल?

उत्तरे: १. सुमारे ५२९ बिंदू. २. ७६८ − २३ = ७४५ बिंदू; रुंदी मात्र घटेल.