गाडीच्या वहीतून

बाबांच्या प्रीमिअर पद्मिनीच्या खणात कायम एक दोनशे पानी वही असायची. पेट्रोल, ऑइल, प्लग, पंक्चर, सगळं तारखेसकट. सात वर्षांपूर्वी मी २००८ सालची इटालियन स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली, तेव्हा तशीच वही केली. दोन सीट, पाठीमागे व्ही-८ इंजिन, दांड्याऐवजी बोटांनी बदलायचे गिअर. आज दुसरी वही चालू आहे. मुंबईत अशा जुन्या गाड्या आता पूर्वीपेक्षा जास्त विकायला येतात आणि ओळखीतलं कुणीतरी दर महिन्याला विचारतं, ‘घेऊ का?’ त्यांच्यासाठी वहीतलं थोडं इथे उतरवतो.

१. किंमत उतरते, खर्च उतरत नाही.
मी घेतली तेव्हा ही गाडी एखाद्या नव्या, चांगल्या जर्मन सेडानच्या भावात आली होती. पण क्लच, ब्रेक डिस्क, सेन्सर यांची बिलं आजही त्या मूळ महागड्या गाडीच्याच हिशेबाने येतात. सुटा भाग परदेशातून मागवायचा, त्यावर विमानाचं भाडं, सीमाशुल्क, जीएसटी. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाच्या शुल्कमाफीवरून २००३ च्या सुमारास गदारोळ झाला, तेव्हा १२० टक्के हा आकडा मुंबईत घरोघरी पोचला होता. सुट्या भागांवर इतकं शुल्क नसतं, तरी लहानसा भागही हातात पडेपर्यंत बराच फुगलेला असतो. माझ्या वहीप्रमाणे साधं वर्ष साडेतीन-चार लाखांत निघालं. सगळ्यात वाईट वर्ष अकरा लाखांचं. तेवढे पैसे बाजूला ठेवता येत नसतील, तर गाडी परवडत नाही असं मी स्पष्ट सांगतो.

२. दार उघडलं की कान द्या.
या गाडीत क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेलाच्या दाबाने होतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की मागून ‘झूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पंप दाब तयार करत असतो. निरोगी गाडीत तो काही सेकंदांत थांबतो. माझ्या गाडीचा आवाज दुसऱ्या वर्षी लांबायला लागला, आणि गाडी नुसती उभी असतानाही पंप पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा. एका वर्कशॉपने पंप खराब म्हणून नवा बसवला. मी मुकाट्याने पैसे दिले. अकरा महिन्यांत नवा पंपही तसाच घुमू लागला.

तेव्हा एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दार दहा वेळा उघडलं-लावलं, घड्याळ लावून आवाज मोजला आणि म्हणाले, ‘साहेब, पंप बिचारा मरतोय, मारणारा दुसराच आहे.’ तो होता अॅक्युम्युलेटर: नायट्रोजन भरलेला, मुठीएवढा गोळा, दाब धरून ठेवणारा. त्यातला वायू निघून गेला होता, त्यामुळे पंपाला सतत धावावं लागत होतं. गोळा बदलला, सोबत पंपाचा रिलेही बदलला, कारण तो चिकटला तर पंप थांबतच नाही आणि जळतो. गोळ्याची किंमत पंपाच्या पासंगालाही पुरणार नाही. त्या दिवसापासून एक नियम केला आहे. काय बदललं हे तर विचारतोच, पण का बिघडलं हे कळल्याशिवाय बिलावर सही करत नाही.

३. बेसमेंटचा चढ क्लच खातो.
मोकळ्या रस्त्यावर हा क्लच वर्षानुवर्षं टिकतो. खरी झीज होते ती आमच्या इमारतीच्या तळघरातून बाहेर पडणाऱ्या चढणीवर, त्यातही रिव्हर्समध्ये. तिथे गाडी इंच-इंच सरकते, तेवढा वेळ क्लच घासत राहतो आणि जळका वास येतो. सोसायटीत अर्ज करून मी वरची, सपाट जागा बदलून घेतली. गर्दीत थांबलो की न्यूट्रल. घेण्याआधी कॉम्प्युटर लावून क्लचची झीज किती टक्के दाखवतेय ते बघा आणि त्याचा कागद घ्या. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

४. पावसाळ्यात बॅटरीची काळजी.
पहिल्या पावसाळ्यात गाडी तीन महिने झाकून ठेवली. सप्टेंबरात गेलो तर बॅटरी ठार. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडतं विजेच्या बटणावर! तासभर टॉर्च घेऊन पालथा पडून शोधल्यावर हाताने ओढायची आपत्कालीन केबल सापडली. आता बॅटरीला कायम छोटा चार्जर जोडलेला असतो.

५. चिकट बटणं.
त्या काळच्या इटालियन गाड्यांत प्लॅस्टिकवर मऊ लेप दिलेला असे. दमट हवेत तो विरघळल्यासारखा होतो. एसीचं बटण दाबलं की बोट काळं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन मी आणि माझ्या मुलीने चार रविवारांत सगळी बटणं साफ केली. वहीतला हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

६. रबराचं वय बघा, किलोमीटर नव्हे.
गाडी फक्त चौदा हजार किलोमीटर चाललेली, म्हणून मी खूश होतो. टायरवरचा चार आकडी शिक्का नंतर वाचला: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर नऊ वर्षांचे होते. नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं आणि पोटात गोळा आला. इंधनाच्या नळ्यांचंही तेच. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि २००८ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपलं तर आग लागायला वेळ लागत नाही. मी सगळ्या नळ्या बदलल्या आणि सीटमागे अग्निशामक ठेवला.

याहून जुनी गाडी बघत असाल, तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आधी विचारा. फेरारीच्या व्ही-८ गाड्यांत ३६० मोडेनापर्यंत बेल्टच होता, आणि ३५५ मध्ये तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ४३० पासून चेन आली. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग नव्या इंजिनाचाच हिशेब करावा लागतो.

७. कागदपत्रं.
पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. साध्या मोटारीला त्याची फी ५ हजार, आयात केलेल्या मोटारीला ४० हजार, वीस वर्षांनंतर ८० हजार. सौदा करताना हे कुणी बोलत नाही.

८. चालवा.
उभी गाडी लवकर बिघडते. सील सुकतात, ब्रेक धरतात, पेट्रोल शिळं होतं. दर दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला मी खोपोलीपर्यंत जाऊन येतो. बोगद्यात काच खाली करतो. त्या आवाजासाठीच मी ही गाडी घेतली, आणि वहीतली सगळी बेरीज बघूनही ती विकावी असं मला कधी वाटलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर एवढं ऐका: सौदा पक्का करण्याआधी ती थंड असताना तुमच्या समोर सुरू करायला लावा, लिफ्टवर चढवून खालून बघा आणि जुन्या मालकाची सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नसतील तर परत या.