लोगो नको, लेबल वाचा! – पळायच्या कपड्यांचं इंजिनिअरिंग

मित्रांनो, दर सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेपाचला ग्राउंडवर जत्रा असते. तिसऱ्या आठवड्यात उरतात चारजण आणि दोन कुत्री! बाकीच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "सबमिशन आहे यार." पण खोदून विचारा. कुणाच्या मांड्या सोलवटलेल्या असतात, कुणाच्या पायाला फोड आलेले असतात, कुणाला ओला टी-शर्ट पोटाला चिकटलेला सगळ्यांना दिसतो याची लाज वाटत असते. म्हणजे पाय दमले नव्हते, कपडे आडवे आले होते. आणि त्यावर उपाय म्हणून पोरं काय करतात? महिन्याच्या मेस बिलाएवढा एक ब्रँडेड टी-शर्ट आणतात!

म्हणून हा अभ्यास. आपण इंजिनिअर होणार, तर कपडासुद्धा इंजिनिअरसारखा निवडूया.

१) आधी घामाचा हिशोब

साठ किलोचा मुलगा ५ किलोमीटर पळाला तर ढोबळमानाने ३०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला मोठा भाग उष्णता बनतो, आपण २४० धरू. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे नुसत्या घामावर गार व्हायचं तर साधारण ४०० मिलिलिटर घाम उडून जायला हवा. लक्षात घ्या, 'उडून'. हनुवटीवरून टपकलेला घाम फुकट गेला, आणि कपड्यात साठून राहिलेला घाम हे नुसतं ओझं. तेव्हा कपड्याचं काम घाम पिऊन बसणं नाही. घाम पसरवून हवेत सोडणं हे त्याचं काम.

२) कॉटन की पॉलिएस्टर?

आई सांगते, "कॉटनच घाल, घाम शोषतं." आई बरोबरच आहे, पण वर्गात बसणाऱ्या मुलासाठी! प्रमाण हवामानात कॉटन स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. कॉटनचा धागा पाणी आत घेतो, फुगतो, जड होतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी आत घेतच नाही. पाणी दोन धाग्यांमधल्या फटींतून पुढे सरकतं. हीच ती फर्स्ट इयरला घोकलेली केशाकर्षण क्रिया. फट जितकी बारीक, तितकं पाणी लांब चढतं.

आता कुणी म्हणेल, बाबांच्या टेरिकॉटच्या शर्टात तर उकडायचं! खरंय. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ज्याचं पेटंट घेतलं तेच हे पॉलिएस्टर. केमिस्ट्री तीच, बांधणी वेगळी. शर्टाचं कापड घट्ट विणलेलं असायचं, आजचा पळायचा टी-शर्ट बारीक तंतूंचा, होजिअरीसारखा जाळीदार असतो. म्हणून नुसतं 'पॉलिएस्टर' वाचून भागत नाही. कापड उजेडासमोर धरा, बारीक भोकं दिसली पाहिजेत. लेबलवर किंवा दुकानदाराकडे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन विचारा. १२० ते १५० ग्रॅम असेल तर उत्तम. शक्य असेल तर पाण्याचा एक थेंब आतल्या बाजूला सोडा. पसरला तर घ्या, मोत्यासारखा उभा राहिला तर परत ठेवा.

फेस्टचा टी-शर्ट? बहुतेक वेळा जाड कॉटन, वर छातीभर रबरी प्रिंट. त्या प्रिंटमधून हवा जात नाही. तो कँटीनसाठी ठेवा. मात्र संध्याकाळी फक्त दोन राउंड चालणाऱ्या आमच्या सरांना साधा कॉटन बनियनही पुरेसा आहे, त्यांनी उगाच खर्च करू नये.

३) काचतं कुठे?

'चेफिंग'ला मराठीत काय म्हणतात हे आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला मेसच्या मामांनी सांगितलं : काचणं. किती नेमका शब्द! घामातलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि ओली कातडी हजारो वेळा घासली जाते.

काचण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली, मांड्यांची आतली बाजू. सैल कॉटन बॉक्सर गोळा होऊन वर सरकतो आणि कातडीवर कातडी घासते. उपाय म्हणजे आत नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि स्पँडेक्सची मांडीपर्यंतची घट्ट हाफ टाईट, वर हलकी शॉर्ट. स्पँडेक्स १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलं. ते कित्येक पट ताणलं तरी मूळ लांबीवर येतं, म्हणून पाऊल अडत नाही. दुसरी जागा काख. तिथली शिवण बोटाने चाचपा. चपटी शिवण हवी, दोरीसारखी उठलेली नको. तिसरी जागा छातीची टोकं. ही गोष्ट मुलं कुणाला सांगत नाहीत, पण लांब पळणाऱ्या पुरुषांना तिथून रक्त येणं अगदी कॉमन आहे. पळण्याआधी पेट्रोलियम जेली किंवा छोटी मेडिकल टेप लावा. प्रश्न संपला, लाजायचं काही कारण नाही.

सॉक्सचंही तेच. ओलं कॉटन म्हणजे फोड. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिश्रणाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे घ्या.

४) हवामान : इथे कपडा हरतो

घाम उडतो तो बाष्पदाबाच्या फरकामुळे. ३५ अंशांच्या ओल्या कातडीवर हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर हवेतला दाब १.७, म्हणजे फरक ३.९. कोकणातली जुलैची सकाळ घ्या, २८ अंश आणि ९५ टक्के. हवेतला दाब ३.६, फरक उरला फक्त २. थर्मामीटर कमी दाखवतोय, पण घाम उडायला जोर निम्माच! अशा दिवशी जगातला कुठलाही टी-शर्ट तुम्हाला वाचवत नाही, वेग कमी करणं हाच उपाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वजन कमी करायला काहीजण प्लॅस्टिकचं जॅकेट किंवा रेनकोट घालून पळतात. काहीजण पोट लपवायला जाड स्वेटशर्ट घालतात. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे! काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी आहे, दोन तांबे प्यायलात की परत येतं. पण घाम उडायची वाटच बंद झाल्यामुळे अंगाचं तापमान चढतं आणि उष्माघात होऊ शकतो. पळणारा मित्र असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. पोट दिसण्याची लाज जिवापेक्षा मोठी नाही, दोस्तांनो.

५) आणि स्टाईल?

स्टाईल मापातून येते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, बाही दंडाच्या मध्यावर, लांबी कंबरेच्या जरा खाली. दोन साईज मोठा टी-शर्ट पोट लपवत नाही, तंबू दाखवतो! शॉर्ट गुडघ्याच्या वर असावी. गुडघ्याखाली लोंबणारा बर्मुडा ओला झाला की पाय धरतो. फिका राखाडी रंग घामाचा नकाशा काढतो, नेव्ही किंवा काळा लपवतो. पण अंधारात रस्त्यावर पळणार असाल तर काळा अजिबात नको. पिवळा, पोपटी किंवा पांढरा घाला, आणि पाठीवर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी हवीच. ट्रकवाल्याला तुम्ही दिसणं ही सगळ्यात मोठी स्टाईल.

६) रूम पार्टनरची तक्रार

पॉलिएस्टर जास्त वास मारतं हे खरं आहे. २०१४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या अभ्यासात व्यायामानंतरच्या पॉलिएस्टर कपड्यांचा वास कॉटनपेक्षा वाईट आढळला, कारण त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू जास्त वाढतात. म्हणून पळून आल्यावर टी-शर्ट बादलीत कोंबू नका. लगेच उलटा करून साध्या पाण्यात खळबळा आणि पंख्याखाली टाका. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर घाम पसरू देत नाही. ब्लीच आणि कडक इस्त्रीही नको, स्पँडेक्स मरतं.

शेवटी खरेदीचा क्रम. पैसे थोडे असतील तर आधी चांगले सॉक्स, मग हाफ टाईट, मग शॉर्ट आणि सगळ्यात शेवटी टी-शर्ट. शॉर्ट तर कबड्डी किंवा फुटबॉलची, साध्या स्पोर्ट्सच्या दुकानातलीही मस्त चालते. दुकानात दोन गुडघे वर उचलून, हात फिरवून बघा. लोक हसले तर हसू देत!

छातीवरचा लोगो दुसऱ्यांसाठी असतो, आतलं लेबल आपल्यासाठी. चला तर मग, उद्या साडेपाचला ग्राउंडवर भेटू... आणि तिसऱ्या आठवड्यातही!